तीन कुलपांची पेटी

इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या चर्चमध्ये गेलात आणि रंगीत काचांवरून नजर खाली आली, तर भिंतीच्या कडेला ओकच्या लाकडाची एक अवजड पेटी दिसते. लोखंडी पट्ट्यांनी जखडलेली, आणि एका नव्हे तर तीन कुलपांची. आज तिच्यावर फुलदाणी असते, नाहीतर विक्रीला ठेवलेली पोस्टकार्डे. १६०३ च्या चर्च-नियमांप्रमाणे तिची एक किल्ली गावच्या धर्मगुरूकडे आणि उरलेल्या दोन, दोघा चर्चवॉर्डनांकडे असायच्या. चर्चवॉर्डन म्हणजे चर्चचा हिशेब आणि मालमत्ता सांभाळणारे गावातलेच गृहस्थ. तिघे जमल्याखेरीज पेटी उघडायची नाही. कुणाचा कुणावर पुरता विश्वास नव्हता, आणि त्यामुळेच कागद टिकले.

त्या पेटीत काय होते, ते तिथे का ठेवले गेले आणि चार-पाच शतकांनी त्यातून एखाद्या गावाची हकीकत कशी जुळवता येते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

आपल्याला इंग्लंडचा इतिहास ठाऊक असतो तो वरच्या मजल्यावरचा. राजे, पार्लमेंट, कंपनी, मग राज. ट्यूडर आणि स्टुअर्ट घराण्यांची नावे आपण शाळेत पाठ केली. पण टोपीकर ज्या गावांतून उठून आपल्याकडे आले, तिथे शेत कोण कसत होते, म्हाताऱ्या विधवेला कोण पोसत होते, चर्चमधल्या कुठल्या बाकावर कुणी बसायचे यावरून कज्जे का होत, यातले आपल्यापर्यंत काहीच पोचलेले नाही. त्या देशात मात्र या गोष्टींवर साडेचारशे वर्षे लिखाण चालू आहे, आणि त्यातले बरेचसे पोटापाण्याचा दुसरा धंदा असलेल्या माणसांनी केलेले आहे.

आधी शब्दांचे पाहू, कारण इथेच पहिली ठेच लागते. पॅरिशला ‘गाव’ म्हणून भागत नाही. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चला दशमांश देणारा मुलूख. धान्याचा, लोकरीचा, कोकरांचा दहावा हिस्सा कुठल्या चर्चच्या कोठारात जायचा, यावरून शिवा ठरल्या, आणि बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत त्या बहुतेक ठिकाणी पक्क्या झाल्या. म्हणजे पॅरिशची सीमा ही भक्तीची नसून वसुलीची सीमा आहे. पुढे ट्यूडर राजवटीने याच तयार चौकटीवर सरकारी कामे लादली. १५५५ च्या कायद्याने रस्त्यांची दुरुस्ती पॅरिशच्या गळ्यात पडली, १६०१ च्या कायद्याने गरिबांचे पालनपोषण. पिकांची नासाडी करणाऱ्या चिमण्या आणि कोंबड्या पळवणारे कोल्हे मारून आणणाऱ्याला डोकी मोजून पैसे चर्चवॉर्डनच द्यायचे. एकाच माणसाच्या हिशेबाच्या वहीत प्रभुभोजनाच्या द्राक्षारसाचा खर्च आणि कोल्ह्याच्या मुंडक्याचा खर्च एकाखाली एक दिसतो. देऊळ, चावडी आणि ग्रामपंचायत एकाच छपराखाली आली, असे समजले म्हणजे कल्पना येते.

अशी पॅरिशे इंग्लंडमध्ये दहा हजारांच्या आसपास होती. त्यांचा आकार मात्र सारखा नव्हे. १६६६ च्या आगीपूर्वी लंडन शहराच्या जेमतेम एका चौरस मैलात शंभराच्या आसपास पॅरिशे होती, तर लँकाशरमधल्या व्हॉली नावाच्या एकाच पॅरिशमध्ये डझनावारी वस्त्या, डोंगर आणि दलदली मावत. त्यात भर म्हणून मॅनर. मॅनर म्हणजे जमीनदाराची जहागीर, आणि तिचे स्वतःचे न्यायालय. एका पॅरिशमध्ये चार मॅनर असू शकतात, एक मॅनर तीन पॅरिशांत पसरू शकतो. मॅनरच्या न्यायालयाचे दप्तर १७३३ पर्यंत, मधली ऑलिव्हर क्रॉमवेलच्या काळातली काही वर्षे सोडली तर, लॅटिनमध्ये. नवशिक्या संशोधकाचे पहिले वर्ष मॅनर आणि पॅरिश यांची गल्लत करण्यात जाते. माझेही गेले.

शीव ध्यानात राहावी म्हणून वसंतात, रोगेशन सप्ताहात, सारे पॅरिश हद्दीवरून मिरवणुकीने फिरत असे. खुणेचा दगड किंवा झाड आले की बरोबरच्या पोरांना त्यावर आपटायचे, क्वचित छडीही मारायची. साठ वर्षांनी शेजारच्या पॅरिशशी वाद झाला की हाच पोरगा म्हातारा साक्षीदार म्हणून उभा राहून सांगणार, की हद्द इथूनच जाते, मी इथेच मार खाल्ला होता.

काउंटीचे प्रकरण त्याहून जुने. काउंटी म्हणजे मुळातला शायर, अँग्लो-सॅक्सन काळातला विभाग; ‘शेरीफ’ हा मुळात शायरचा कारभारी. १०८६ मध्ये विल्यम पहिला याने डूम्सडे पाहणी केली तेव्हा तिचे निष्कर्ष काउंटीवारच मांडले गेले. जुन्या काउंट्या ३९. त्यांच्या पोटात ‘हंड्रेड’ नावाचे विभाग. डेन लोकांच्या मुलखात त्यांनाच ‘वॉपनटेक’ म्हणत. नकाशावर हे सगळे नीटनेटके दिसते, प्रत्यक्षात तसे नाही. डडली हे गाव चारही बाजूंनी स्टॅफर्डशरने वेढलेले असताना १९६६ पर्यंत वूस्टरशरमध्ये मोडत होते. १९७४ च्या फेररचनेत रटलंड ही सर्वांत चिमुकली काउंटी स्वतंत्र घटक म्हणून पुसली गेली आणि १९९७ मध्ये परत आली. ॲबिंग्डन शतकानुशतके बार्कशरमध्ये होते, ते ऑक्सफर्डशरमध्ये गेले. या उलथापालथीत संशोधकाचे हाल होतात, कारण जुने दप्तर जुन्या काउंटीच्या अभिलेखागारात राहते आणि नवे नव्या. आज कुठले गाव कुठे आहे हे विचारून उपयोग नाही. त्या साली ते कुठे होते, हे आधी विचारावे लागते.

आता कागद. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी. लोकांना वाटले, हा नव्या कराचा डाव आहे. पुष्कळ वह्या १५३८ ऐवजी १५५८ पासून सुरू होतात. त्याचेही कारण सरकारीच: १५९८ मध्ये जुन्या कागदी नोंदी चर्मपत्रावर उतरवून काढा, निदान एलिझाबेथ राणीच्या पहिल्या वर्षापासूनच्या तरी, असा आदेश आला. कामचुकार कारकुनांनी ‘निदान’ हा शब्द तेवढा ध्यानात धरला. वीस वर्षांची माणसे अशी एका सवलतीत नाहीशी झाली.

पण माझ्या मते सगळ्यांत बोलका कागद वेगळाच आहे. १६६२ च्या सेटलमेंट कायद्याने ठरवले की गरिबाचा खर्च त्याच्या ‘हक्काच्या’ पॅरिशने सोसायचा. मग हे हक्काचे पॅरिश कुठले? बापाचे, किंवा जिथे उमेदवारी केली तिथले, किंवा जिथे पुरे एक वर्ष सालगडी म्हणून राबला तिथले. बाईचे, तिच्या नवऱ्याचे. हे ठरवण्यासाठी कंगाल माणसाला दोन न्यायाधीशांपुढे उभे करून त्याची जबानी घेत. कुठे जन्मलास, कुणाकडे राहिलास, किती दिवस, किती पगारावर, लग्न कुठल्या चर्चमध्ये केलेस. हेतू एवढाच की त्याला आपल्या हद्दीबाहेर कसे घालवता येईल. सालगड्याला हक्क मिळू नये म्हणून काही शेतकरी त्याला एक्कावन्न आठवड्यांसाठीच ठेवत. दिवस गेलेल्या अविवाहित बाईला बाळंत होण्याआधी शिवेपार करण्याची घाई असे, कारण मूल जिथे जन्मेल तिथले. कायदा क्रूर होता यात शंका नाही. परंतु ज्यांनी स्वतः एक अक्षर लिहिले नाही, ज्यांच्याजवळ मृत्युपत्र करण्याइतकी भांडीही नव्हती, त्या लाखो माणसांचे आत्मवृत्त आज आपल्याला वाचायला मिळते ते या जबान्यांतून. त्यांना हाकलून देण्यासाठी लिहिलेला कागद त्यांना इतिहासात घेऊन आला.

या शास्त्राचे मर्म मला इथे दिसते. स्थानिक इतिहासाचा जवळजवळ एकही कागद इतिहासासाठी लिहिलेला नाही. तो कर बसवायला, भांडण मिटवायला, नाहीतर कुणाला तरी टाळायला लिहिला गेला. ज्यांनी महजर आणि निवाडपत्रे चाळली आहेत, त्यांना हे नवीन वाटणार नाही. १८३६ च्या कायद्याने धान्यरूपी दशमांश रोख रकमेत बदलायचा ठरला, तेव्हा सुमारे पाऊण इंग्लंड-वेल्सचे शेतावार नकाशे तयार झाले. प्रत्येक शेताला क्रमांक, सोबतच्या तक्त्यात मालकाचे नाव, कसणाऱ्याचे नाव, शेताचे नाव, गवत की नांगरट. एवढे सारे कष्ट घेतले ते गावच्या धर्मगुरूला किती पौंड मिळायचे ते ठरवायला. आज गावच्या इतिहासाची सुरुवात बहुधा याच नकाशापासून करतात आणि मग मागे मागे जातात.

या कागदांकडे इतिहास म्हणून पाहणारी माणसे उशिरा आली. आधी आले ते हौशी सद्गृहस्थ. विल्यम लँबार्डचे केंट काउंटीवरचे पुस्तक १५७६ मध्ये छापले गेले. काउंटीचा छापील इतिहास म्हणता येईल असा हा पहिला ग्रंथ. दहा वर्षांनी विल्यम कॅम्डनने सबंध ब्रिटनचे काउंटीवार वर्णन लॅटिनमध्ये केले. १६५६ मध्ये विल्यम डगडेलचा वॉरिकशर आला आणि नमुना ठरून गेला: जहागिरींची मालकी, घराण्यांच्या वंशावळी, सरदारांची थडगी, त्यांवरची कुलचिन्हे. जो वर्ग ही पुस्तके विकत घेणार, त्याचाच हा इतिहास. शेत नांगरणारा त्यात कुठे नाही.

या रांगेत एकच माणूस विक्षिप्त निघाला, आणि म्हणून मला तो सर्वांत प्रिय आहे. श्रॉपशरमधल्या मिडल या पॅरिशचा रिचर्ड गफ हा साधासा जमीनधारक. वयाच्या पासष्टीत, १७०० ते १७०२ या काळात, त्याने आपल्या गावाबद्दल लिहायला घेतले. मांडणीसाठी त्याने चर्चमधल्या बाकांचा नकाशा काढला. प्रत्येक बाक कुठल्या ना कुठल्या घराच्या मालकीचा. मग एकेक बाक घ्यायचे आणि त्यावर बसणाऱ्या कुटुंबाची तीन-चार पिढ्यांची कुंडली मांडायची. कोण दारूत बुडाला, कुणी मेंढ्या चोरल्या, कुणाची बायको कुणाबरोबर गेली, कुणाचे शेत कर्जात गेले. यादवी युद्धात राजाच्या बाजूने मिडल आणि शेजारच्या दोन वाड्यांतून वीस जण गेले, त्यांतले तेरा मारले गेले, हेही तोच सांगतो. गफचे हस्तलिखित त्याच्या हयातीत छापले गेले नाही. अडीचशेहून अधिक वर्षांनी, १९७४ मध्ये, डेव्हिड हे या इतिहासकाराने गफच्या गप्पा पॅरिशच्या नोंदवह्या आणि मृत्युपत्रांशी ताडून पाहिल्या. म्हातारा बहुतांशी खरे बोलत होता.

१८९९ मध्ये व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरीचा प्रकल्प सुरू झाला. इंग्लंडच्या प्रत्येक काउंटीतल्या प्रत्येक पॅरिशचा इतिहास लिहायचा, मूळ कागदांवरून, आणि तोही थोड्या वर्षांत! राणीच्या नावाने सुरू झालेल्या या कामाने तिच्यानंतर सहा राज्यकर्ते पाहिले आणि ते अजून चालूच आहे. लाल कापडी बांधणीचे दोनशेंहून अधिक खंड निघाले. सुरुवातीच्या वर्षांत लंडनच्या दप्तरखान्यात बसून जुने हस्ताक्षर उतरवण्याचे कष्टाचे काम नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुण स्त्रियांनी मोठ्या प्रमाणावर केले. दृष्टी मात्र बराच काळ डगडेलचीच राहिली. मॅनर कुणाकडून कुणाकडे गेला, याची पानेच्या पाने. तरी कुठल्याही गावावर काम सुरू करताना आधी लाल खंड पाहावा, हा नियम आजही कुणी मोडत नाही.

वळण आले ते लेस्टरमध्ये. एक्सेटरच्या एका बेकरचा मुलगा, डब्ल्यू. जी. हॉस्किन्स, लेस्टरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवता शिकवता सुट्टीच्या दिवशी गावोगाव पायी हिंडत असे. १९४८ मध्ये तिथे स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग निघाला, देशातला पहिला, आणि हॉस्किन्सकडे तो आला. १९५५ चे त्याचे ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश लँडस्केप’ हे पुस्तक म्हणजे एका साध्या दाव्याचा विस्तार आहे: जमीन हीच सर्वांत जुनी बखर. वळणे घेत जाणारी गल्ली, कुंपणाची झुडपे, गवताखाली अजून दिसणारे जुन्या नांगरटीचे वरंबे, हे सारे वाचता येते. मजबूत बूट घाला आणि बाहेर पडा, असा त्याचा एकूण सूर. त्याच सुमारास मॉरिस बेरेसफर्डने ओसाड पडलेल्या गावांचा शोध लावला. यॉर्कशरमधल्या व्हॅरम पर्सी या उजाड गावात १९५० पासून चाळीस उन्हाळे उत्खनन चालले. प्लेगने गाव बसले, अशी सोपी समजूत होती. पण शेवटची घरे रिकामी करवली ती १५०० च्या आसपास, मेंढ्यांच्या कुरणासाठी, असे निघाले. लोकरीला भाव होता.

लेस्टरच्या मंडळींत पुढे वादही झाले, आणि ते वाचण्यासारखे आहेत. गावाचा इतिहास राष्ट्राच्या इतिहासाला दाखला म्हणून लिहायचा, की त्या समाजाचा जन्म, वाढ आणि ऱ्हास हाच स्वतंत्र विषय मानायचा? एच. पी. आर. फिनबर्गने दुसरी बाजू घेतली. ॲलन एव्हरिटने १९६६ मध्ये केंटवर लिहिताना मांडले की सतराव्या शतकातल्या मानकऱ्यांचा ‘देश’ म्हणजे त्यांची काउंटीच. लंडनचे राजकारण त्यांना परके. यावर टीकेचा भडिमार झाला. हीच माणसे लंडनला शिकत होती, तिथे खटले लढत होती, तिथून बातमीपत्रे मागवत होती, मग काउंटी हे बेट कसे? चार्ल्स फिदियन-ॲडम्सने तर काउंटीच्या रेषा बाजूला ठेवून नद्यांच्या खोऱ्यांवरून सांस्कृतिक प्रांत आखून पाहिले. मला स्वतःला एव्हरिट अतिशयोक्त वाटतो, पण त्याच्या चुकीतून जितके शिकायला मिळते तितके इतरांच्या सावधपणातून मिळत नाही.

केंब्रिजचा रस्ता वेगळा. १९६४ मध्ये पीटर लॅस्लेट आणि टोनी रिग्ली यांनी लोकसंख्येच्या इतिहासासाठी एक गट उभा केला. लॅस्लेटने शंभर वस्त्यांच्या जुन्या घरयाद्या तपासून दाखवले की सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत घरातली सरासरी माणसे पावणेपाचच होती. कारखाने आले आणि एकत्र कुटुंब मोडले, ही इंग्रजांची लाडकी समजूत त्यामुळे कोसळली. तिथे मोठे एकत्र कुटुंब सर्रास कधी नव्हतेच. रिग्लीने डेव्हनमधल्या कॉलिटन या पॅरिशची कुटुंबे बाप्तिस्मा-विवाह-दफनांच्या नोंदी जोडून एकेक करून उभी केली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या मुलींचे पहिले लग्न सरासरी तिशीच्या आसपास होत होते. आपल्या वाचकाला हा आकडा छापखान्याची चूक वाटेल, ती नाही. रिग्ली आणि रॉजर स्कोफील्ड यांचा १९८१ चा मोठा ग्रंथ ४०४ पॅरिशांच्या नोंदींवर उभा आहे, आणि त्या नोंदी महिन्यावार मोजून दिल्या गावोगावच्या स्वयंसेवकांनी. नमुना शास्त्रशुद्ध नव्हता, जिथे उत्साही माणूस होता ते पॅरिश आले, हा आक्षेप खरा आहे. तरी प्राध्यापक आणि हौशी मंडळी यांच्यातले इतके मोठे सहकार्य दुसऱ्या कुठल्या विषयात मला माहीत नाही.

आकड्यांचा कंटाळा आला तेव्हा पुन्हा माणसे आली. मार्गारेट स्पफर्डने केंब्रिजशरची तीन गावे शेजारी शेजारी ठेवून पाहिली. कीथ राइटसन आणि डेव्हिड लिव्हाइन यांनी एसेक्समधल्या टर्लिंग गावात कर्मठ प्युरिटन बडे लोक आणि त्यांच्या शिस्तीखाली भरडलेले गरीब, असा दुभंग दाखवला. गरीबही धार्मिक असतात, असे स्पफर्डने त्यांना ठणकावले. जॉर्ज इवर्ट इव्हान्सने तर या सगळ्यांच्या आधीच सफकमधल्या ब्लॅक्सॉल गावच्या म्हाताऱ्या शेतमजुरांना बोलते करून १९५६ मध्ये पुस्तक केले. आणि २००१ मध्ये इमन डफीने डेव्हनमधल्या मोरबाथ या तीस-पस्तीस घरांच्या पॅरिशवर जे लिहिले, ते हाती पडले आणि हे पुस्तक करावेसे वाटले.

मोरबाथचा धर्मगुरू क्रिस्टोफर ट्रिकी १५२० पासून १५७४ पर्यंत एकाच चर्चमध्ये होता. चार राज्यकर्ते, आणि धर्म तीनदा उलटापालटा. त्याच्या हातचे जमाखर्च उरले आहेत, दुसरे काही नाही. या जमाखर्चात तो गावाशी बोलतो, कारण ते भर सभेत वाचून दाखवायचे असत. वर्षानुवर्षे पैसा पैसा साठवून त्याने मृतांच्या प्रार्थनेसाठी काळ्या वस्त्रांचा संच घेतला, आणि थोड्याच काळात नव्या राजवटीने ती प्रार्थनाच बंद केली. १५४९ मध्ये नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्ध नैर्ऋत्य इंग्लंड उठले, तेव्हा पॅरिशने पाच तरुणांना शस्त्रे आणि खर्ची देऊन पाठवले. कुठे पाठवले, तर एक्सेटरबाहेरच्या बंडखोरांच्या छावणीकडे. एवढे मोठे बंड, आणि त्याचा पुरावा खर्चाच्या दोन-चार ओळींत. मेरी राणीच्या काळात घराघरांतून दडवलेल्या मूर्ती आणि वस्त्रे परत येऊ लागली, त्याचीही नोंद आहे.

हे सारे आपण का वाचायचे, असे एका मित्राने विचारले. त्याला मी हॅरल्ड मॅन सांगितला. विसाव्या शतकाच्या आरंभी या इंग्रज शेतीरसायनज्ञाने बेडफर्डशरमधल्या रिजमाँट गावाची घरोघर पाहणी केली. कुणाचे उत्पन्न किती, पोटाला लागते किती. हाच मॅन १९०७ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजचा प्राचार्य झाला आणि त्याने तीच नजर पिंपळे सौदागरवर वळवली. त्याचे पुस्तक १९१७ मध्ये आले. जमिनीचे तुकडे कसे पडत गेले याची मोजदाद त्यात आहे. त्या शिवारात आता पिंपरी-चिंचवडचे उंच मनोरे आहेत. ना. गो. चापेकरांचे ‘बदलापूर’ १९३३ चे. गावाकडे असे पाहण्याची आपली परंपरा आहे, तिचे इंग्लंडशी नाते आहे आणि ते विसरले गेले आहे.

नाते उलट्या दिशेनेही जाते. लंडनमधल्या सेंट डायोनिस बॅकचर्च या पॅरिशच्या वहीत डिसेंबर १६१६ मध्ये बंगालच्या उपसागराकडून आणलेल्या एका हिंदी मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. ‘पीटर’ हे नाव त्याला खुद्द राजा जेम्सने निवडून दिले. पुण्याच्या संगमावर राहून पेशव्यांच्या दरबारी वकिली करणारा चार्ल्स मॅलेट मायदेशी परतला आणि विल्टशरमध्ये न्यूटन टोनी पॅरिशमधले विल्बरी हाउस त्याने घेतले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचे अखेरचे दिवस सरेमधल्या लिंप्सफील्डला गेले. त्या पॅरिशांचा इतिहास आपल्याशिवाय पुरा होत नाही. इंग्लंडमध्ये हे आता उघड बोलले जाते, आणि त्यावरून भांडणेही होतात. २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्या ९३ वास्तूंचा वसाहतवादाशी किंवा गुलामगिरीशी संबंध असल्याचा अहवाल काढला, तेव्हा वर्तमानपत्रांत महिनोन् महिने धुरळा उडत होता. गुलामगिरी रद्द करताना मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली गेली. ती कुणाकुणाला मिळाली याची यादी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने शोधण्याजोगी केल्यापासून कित्येक गावांना आपल्या चर्चच्या भिंतीवरच्या संगमरवरी फलकाचा अर्थ नव्याने कळला.

आणि पेटीतले कागद अजून थंड झालेले नाहीत. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँट्लो पॅरिशमध्ये एका शेताच्या मालकांवर चर्चच्या पूर्वेकडील भागाच्या दुरुस्तीचा खर्च येऊन पडला, कारण अठराव्या शतकात सामाईक शेतांना कुंपणे पडली तेव्हा ती जमीन दशमांशाच्या बदल्यात दिली गेली होती आणि दुरुस्तीची जबाबदारी तिला चिकटली होती. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले, २००३ मध्ये मालक हरले, आणि रक्कम पावणेदोन लाख पौंडांच्या वर गेली. पायवाटांचेही तसेच. २००० च्या कायद्याने जुन्या वाटा नकाशावर चढवायला २०२६ ची मुदत घातली. मुदत पुढे बदलत गेली, पण तेवढ्यात गावोगावचे निवृत्त शिक्षक आणि हिशेबनीस कुंपणे पडली त्या वेळची वाटणीपत्रे धुंडाळायला लागले होते.

या पुस्तकाची मर्यादा सांगतो. हा सबंध इंग्लंडचा इतिहास नाही आणि पॅरिशांचा कोशही नाही. मोजकी पॅरिशे घेऊन, प्रत्येकाच्या निमित्ताने एका प्रकारचा कागद वाचायचा, एवढाच बेत आहे. शहरांना मी जवळजवळ हात लावलेला नाही. त्यांना वेगळे पुस्तक हवे. दंतकथांबद्दल मी कठोर आहे. डर्बीशरमधल्या ईम गावाने १६६५-६६ च्या प्लेगात स्वतःला कोंडून घेऊन शेजारचा मुलूख वाचवला, ही कथा जगभर सांगतात. प्लेग खरा, मृत्यू खरे. पण कथेचा आजचा डौल नंतरच्या शतकांतल्या लेखकांनी दिलेला आहे, आणि अशा दंतकथांचीही एक वही असते, ती वाचायला हवी. कुंपणातल्या झुडपांच्या जाती मोजून त्याचे वय काढण्याचा नियम मात्र मी गाळला. तो फार सोपा आहे, आणि बऱ्याच ठिकाणी लागू पडत नाही.

ज्यांना स्वतः अभिलेखागारात बसायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. पेन बाहेर ठेवावे लागते, फक्त पेन्सिल चालते. जुनी वही उशीवर ठेवून उघडायची. मोडी वाचता येते म्हणून सोळाव्या शतकातले ‘सेक्रेटरी’ वळण आपल्याला सहज लागेल, अशी माझी घमेंड होती. पहिली तीन पाने उलगडायला मला आठवडा लागला, आणि ‘ती व्यक्ती मेली’ असे जिथे वाचले होते तिथे ‘तिने पैसे भरले’ असे होते.

तारखांबाबत: १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये साल २५ मार्चला बदलत असे, म्हणून जुन्या वहीत १६४० चा फेब्रुवारी हा आपल्या हिशेबाने १६४१ चा. अशा ठिकाणी मी आजचे साल दिले आहे. पौंडाचे वीस शिलिंग आणि शिलिंगाचे बारा पेन्स, हे जुनेच कोष्टक ठेवले आहे. आजच्या रुपयांत किंमत सांगण्याचा मोह टाळला. गावांची नावे स्थानिक लोक उच्चारतात तशी लिहिली आहेत. हे अवघड काम होते. नकाशावर ‘बेल्व्हॉयर’ दिसणाऱ्या गावाला तिथले लोक ‘बीव्हर’ म्हणतात, आणि नॉरफकच्या किनाऱ्यावर ‘हॅपिसबर्ग’ असे लिहिलेले गाव ‘हेझब्रा’ निघते. कुणी बसमध्ये चढून लिहिल्याप्रमाणे तिकीट मागितलेच, तर तिकीट मिळेल. फक्त मागच्या बाकावरची म्हातारी खिडकीबाहेर बघत हसेल.